बाबांनी अकरा तासांत मुंबई पाहिली

ज्यांनी मुंबई पाहिली आहे त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. मी तिथे सकाळी सातला उतरलो आणि संध्याकाळी सहाच्या गाडीने परत निघालो. मध्ये अकरा तास. त्यांतला तासभर आम्ही रस्ता चुकलो होतो. एवढ्या भांडवलावर प्रवासवर्णन लिहायला बसणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. पण परत आल्यापासून गावात जो भेटतो तो विचारतो, "काय रघू, कशी हाय मुंबई?" आणि मी सांगू लागलो की ट्राम, समुद्र, बैल, पोलीस सगळे एकदम तोंडात येतात आणि दारात गर्दी झाल्यासारखे तिथेच अडकतात. म्हणून एकदा शांतपणे लिहून काढतो. शांतपणे जमेलच असं नाही.

आम्ही पिंपळगाव राजाचे. घरची शेती, कापूस आणि ज्वारी. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबांना सही येते, आणि ती ते जीभ दातांत धरून, सावकाश, एखादं झाड काढावं तशी करतात. अमरावतीला मी इंटर सायन्स पास झालो आणि डॉक्टरीसाठी मुंबईच्या एका कॉलेजात अर्ज केला. खरं सांगायचं तर घरी न सांगता केला. जागा मिळणार नाही याची इतकी खात्री होती की सांगण्याची गरज वाटली नाही. वैशाख संपता संपता पत्र आलं की जागा आहे, पंधरा दिवसांत कळवा. पाच वर्षांचं शिक्षण.

मी पत्र वाचून दाखवलं. बाबा बराच वेळ सुतळी वळत बसले. मग म्हणाले, "घर पाह्यलं का कोणी?"

"कोणाचं घर?"

"मुंबईचं. पाच वर्षं पोरगं द्यायचं आन् घर नाही पाह्यचं?"

इथे थोडं मागचं सांगायला हवं. माझी थोरली बहीण गोदी देऊळघाटला दिली आहे. ते घर पाहायला बाबा गेले तेव्हा मीही बरोबर होतो, बारा वर्षांचा. बाबांनी अख्खा दिवस लावला. विहिरीत वाकून पाहिलं, गोठ्यात जाऊन बैलांच्या मानेवरून हात फिरवला, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलले, घरमालकाला सोडून त्याच्या गड्याशी गप्पा मारल्या. आणि दिवसभरात त्या घरचं पाणीसुद्धा प्यायले नाहीत. लेकीचा बाप तिच्या सासरचं खात-पीत नाही, ही रीत तुम्हांलाही ठाऊक असेल. बाबा ती घर पाहायला जातानाच पाळायला लागतात. समोर लाडवांचं ताट आलं होतं. मी हात पुढे केला तेव्हा बाबांनी धोतराआडून मला असा चिमटा काढला की तो लाडू मला अजून आठवतो.

तर आता मुंबईचं घर पाहायचं होतं. मृग तोंडावर, वखरणी अर्धी राहिलेली, शेजारच्यांनी बैलांचं पाहायचं कबूल केलं तेही दोनच दिवस. म्हणजे जाऊन-येऊन मुंबईला एक दिवस. माय म्हणाली, "तुमी पाहून या. तुमाले पटलं त माही ना नाही." म्हणजे सगळं बाबांच्या 'हो'वर आलं. आणि ते 'हो' मिळवायला माझ्याकडे अकरा तास, एक शिदोरी आणि एक यादी. यादी अमरावतीच्या माझ्या खोलीतल्या दिनकरने करून दिली होती. त्याचा मामा मुंबईला असतो. यादीत अकरा ठिकाणं होती, तासाला एक.

बोरीबंदर

नांदुऱ्यापर्यंत बैलांच्या दमणीने आणि पुढे रात्रभर रेल्वेने काय झालं ते सांगत नाही, कारण बसून राहण्याखेरीज काही झालं नाही. सकाळी गाडी थांबली आणि मी उडी मारूनच उतरलो. "बाबा, मुंबई!" असं ओरडलोही. आजूबाजूचे चार लोक हसले. एरवी वर्गात नुसतं नाव पुकारलं तरी माझे कान गरम होतात, पण तेव्हा झाले नाहीत.

फलाटाच्या टोकाशी आल्यावर बाबांनी विचारलं, "शिदोरी कुठं हाय?"

शिदोरी गाडीत होती. वरच्या फळीवर. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदे, सगळं मायने जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं. मी पळत मागे गेलो तर डब्याच्या जागी नुसते रूळ. रिकामी गाडी धुवायला नेतात, असं एका हमालाने सांगितलं.

"जाऊ दे," बाबा म्हणाले. "कोणाच्या त पोटात जाईन." खांद्यावर पाण्याची छागळ तेवढी होती, पाणी घरच्या विहिरीचं. माझ्या मनात हिशेब चालू झाला: सकाळचे सात, संध्याकाळचे सहा, आणि मुंबईचं काही खायचं नाही.

स्टेशनाची इमारत मी वर्णन करू शकणार नाही. तिच्याकडे पाहताना माझी टोपी पडली. खांबाखांबांवर, कमानींवर दगडातले मोर, माकडं, सिंह, पानंफुलं कोरली आहेत. बाबा एकेक खांब नीट पाहत पुढे सरकत होते. मला वाटलं, वा, पहिलंच ठिकाण पसंत पडलं. पंधरा मिनिटांनी ते म्हणाले, "समदे जनावर हायेत. बैल नाही कुठं." मीही शोधला. आम्हांला दिसला नाही. कोणाला दिसला असेल तर कळवावं.

बाहेर आलो आणि खरा घोटाळा सुरू झाला. आमच्याकडे समोरून माणूस आला की राम राम म्हणतात. त्याला ओळख लागत नाही, समोरून येणं पुरतं. बाबांनी मुंबईच्या रस्त्यावर पाऊल ठेवलं आणि समोरून येणाऱ्या पहिल्या माणसाला राम राम घातला. मग दुसऱ्याला. मग त्यांच्या लक्षात आलं की हे लोक संपतच नाहीत, पण त्यांनी हार मानली नाही. हात जोडलेलेच ठेवून ते डावीकडे-उजवीकडे मान लववत चालले. कामावर जायची वेळ. लोक अंग चोरून पुढे जात होते. कोटवाला एक गृहस्थ तेवढा थांबला, चष्मा नीट केला आणि म्हणाला, "माफ करा, आपली ओळख?"

"ओळख नाही बाप्पा," बाबा म्हणाले, "तुमी समोरून आले म्हणून."

त्या गृहस्थाने थोडा विचार केला, "हो, आलो खरा," म्हणाला, आणि नमस्कार करून गेला. बाकी सबंध रस्त्यात एकानेही उत्तर दिलं नाही. दोन फर्लांगांनंतर बाबांनी हात खाली घेतले. मला ते हात खाली गेलेले आवडले नाहीत. मी घाईघाईने यादी काढली.

कोपऱ्यावर नळ होता. बाबांनी तोंड धुतलं, ओंजळीतल्या पाण्याचा वास घेतला, सांडलं. शेजारी कागदांचं पुडकं बगलेत मारून एक कारकून पाय धूत होता.

"हे पाणी येते कुठून, साहेब?"

"नळातून."

"नळात कुठून?"

"म्युनिसिपालटी सोडते."

"तिची विहीर कुठं हाय?"

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. मी कॉलेजात शिकलेला; मलाही ठाऊक नव्हतं. "लांब तलाव आहे म्हणे," तो म्हणाला, "मी काही पाहिला नाही. जन्मापासून पितो आहे."

"पाह्यला नाही आन् पेते," बाबा पुढे चालताना म्हणाले. एवढंच.

भटारखाना

ट्रामला वर माडी असते आणि माडीवर सगळ्यांत पुढे एक बाक असतं. तिथे बसलं की घोडे, मोटारी, माणसं, सगळं आपल्या पायांखालून दोन्हीकडे वाहत जातं. मी बाबांना यादीतलं दाखवत होतो. राणीची बाग, अजबखाना, मुंबादेवी यांपैकी आम्हांला काहीच दिसलं नाही, पण ती 'त्या बाजूला' आहेत असं कंडक्टर म्हणाला, आणि त्या बाजूला मी पाहिलं, म्हणून ती तीन मी पाहिलेली धरतो. वाटेत इराण्यांच्या हॉटेलांच्या पाट्या लागत होत्या. ताज्या पावाचा वास माडीपर्यंत चढत होता. मी तोंडाने श्वास घेऊ लागलो.

कॉलेज आलं. नाव देत नाही. दगडी, लांबच लांब, शेजारी इस्पितळ. आतून पांढऱ्या कोटातली दोन पोरं हसत बाहेर आली, माझ्याच वयाची. मी भिंतीला हात लावून पाहिला. कोणी पाहत नाही असं बघून दुसराही लावला.

कचेरीतल्या कारकुनाने माझं पत्र वाचलं. "मध्यप्रांत आणि वऱ्हाड," तो म्हणाला. "यांतलं तुम्ही कुठलं?"

"वऱ्हाडातलं. बुलढाणा जिल्हा."

"बरं बरं. ते नागपुराच्या पलीकडे ना?"

"अलीकडे," मी म्हणालो. पहिल्यांदाच मी कचेरीत कोणाची चूक सुधारली. बाबांना दाखवायला वळलो तर बाबा नव्हते.

ते वसतिगृहाच्या मागच्या अंगाला सापडले. "घर मांगून पाह्यावं," ते म्हणाले. "म्होरून त समदेच चुना लावतात." समोर भटारखाना होता आणि दारात कोकणातला एक आचारी पिठाचे हात झाडत उभा. भिकाजी त्याचं नाव. बाबांनी त्याला राम राम घातला होता आणि त्यानेही उलट घातला होता, एवढ्यावर ओळख झाली होती.

"पोरांले खायले काय घालता?" बाबांनी विचारलं.

"आज वाल, भात, चपाती."

"भाकर?"

"भाकरी हितं खातो कोण, बाबा?"

"हं. पोरगं आजारी पडलं त?"

भिकाजी हसला. "बाजूला इस्पितळ, खोलीत सगळे होणारे डॉक्टर. खोकला आला तर धाजण येऊन छातीला नळी लावतात. माणूस बरा असला तरी घाबरून झोपतो."

"रडतात का पोरं?"

"पयल्या साली रडतात की. मढी फाडायला लावतात ना. आठ दिवस भाताकडं बघत नाहीत." त्याने माझ्याकडे पाहिलं. "नवव्या दिवशी दोन ताटं जेवतात."

बाबांनीही माझ्याकडे पाहिलं. मी नवव्या दिवसाच्या पोरासारखा दिसण्याचा प्रयत्न केला. पोटात काही नसल्यामुळे ते जड गेलं नाही.

"तुमच्याच अंगाचा एक होता गेल्या साली," भिकाजी सांगत होता, आणि त्याने गप्प बसावं म्हणून मी मनात देव आठवत होतो. "अकोल्याकडला. हुशार. पळून गेला."

"काऊन?"

"मढ्याला भ्यायला नव्हता. म्हणाला, हितं रस्त्यानं जाताना कोणी ओळख देत नाही."

बाबा वळून आम्ही आलो त्या रस्त्याकडे पाहू लागले. माझी यादी माझ्या मुठीत ओली झाली होती. दिनकरने लिहिलेल्या एकाही ठिकाणी याचं उत्तर नव्हतं.

तेवढ्यात भिकाजीने दोन ताटं वाढून आणली. वाफाळता भात, वालाची उसळ, त्यावर खोबरं. बाबांनी हात जोडले. "नको बाप्पा." मला तो लाडू आठवला, तो चिमटा आठवला. मीही हात जोडले. तसं करताना माझे डोळे त्या ताटावर होते.

भिकाजीचा चेहरा बदलला. "आमच्या हातचं चालत नाही होय?" ताटं त्याने खाली ठेवली. "मग पोराला कशाला ठेवताव? पाच वर्षं काय हवा खाणार तो?"

बाबांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ते एवढे शरमले की पुढे होऊन त्यांनी भिकाजीचे पिठाचे दोन्ही हात धरले. "तसं नाही, दादा. तुह्या हातचं काऊन नाही चालणार? मी लेकीचा बाप म्हणून आलो. घर पाहून राह्यलो. लेकीच्या बापानं खाऊ नये."

"लेक कुठाय?"

"हे काय," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं.

भिकाजी असा हसला की आतून दोन पोरं काय झालं म्हणून बघायला आली. मला चार दिशांना पळून जावंसं वाटत होतं. "मग पटलं का घर?" त्याने डोळे पुसत विचारलं.

"अजून गोठा पाह्यचा हाय," बाबा म्हणाले.

गोठा

मुंबईला गोठा कुठून आणायचा, या विचारात मी रस्ता चुकलो. ट्रामचे रूळ धरून परत जायचं ठरवलं आणि रूळच दोन ठिकाणी फुटले. ऊन भलतं चढलेलं. छागळ हलवली की तळाशी पाणी वाजायचं. बाबा एक घोट मला देत, एक स्वतः घेत. यादीतली चार ठिकाणं मी चालता चालता खोडली. मग एका गोदामाशी बाबा थांबले. तिथे रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, दाबलेल्या गाठी लादलेली बैलगाडी उभी होती.

बाबांचं सगळं अंगच बदललं. ते सरळ बैलापाशी गेले, जू थोडं उचललं आणि खांद्यावरून हात फिरवला.

"अवो पाव्हनं!" गाडीवान वरून ओरडला. साताऱ्याकडचा, मोठ्या मिशांचा. "बैलाला हात कशापायी लावताय?"

"खांदा पाहून राह्यलो."

"खांदा पाहून काय करनार, इकत घेनार हाय?"

"नाही बा. हळद लावली का तेलात? सूज होती इथं."

गाडीवान खाली उतरला. "व्हती. म्हैन्यामागं. आठ दिस जुवाला लावला न्हाई त्याला. मालक बोंबलला. म्या म्हनलं, तू वढ गाडी."

बाबांनी बैलाच्या कपाळावर हात ठेवला. दोघे मग तेल कोणतं, हळद किती, पोळ्याला तुमच्याकडे खांदे कशाने शेकतात यावर बोलत राहिले. मी सावलीत उभा राहून घड्याळाचा मनोरा शोधत होतो. शेवटी गाडीवान म्हणाला, "बंदरावर निघालोय. दर्याच बघायचाय न्हवं? बसा वर."

आणि आम्ही रुईच्या गाठींवर चढून बसलो. वाचकहो, ट्रामची माडी मी मघाशी उगीच वाखाणली. मुंबई पाहायची तर कापसावर बसून पाहावी. सगळ्यांच्या वर, झुलत, कोणाच्याही वाटेत न येता. बाबांनी गाठ थोपटली. "हा कुठचा?"

"वराडाकडला म्हनत्यात."

त्यानंतर बाबा जे ताठ बसले ते घरच्या ओट्यावर बसल्यासारखे. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "इथं कोणी ओळख देत नाही म्हणे."

"पयल्यांदा कोन देतंय?" गाडीवान म्हणाला. "म्होरच्या नाक्यावर येक पोलीस असतो. म्या त्याला रोज राम राम घालायचो. तीन म्हैनं त्यो बोलला न्हाई. म्या बी सोडलं न्हाई. येकदा तापानं पडलो, चार दिवसांनी गाडी घेऊन आलो, तर त्योच म्हनतो, कुठं मेला व्हतास रं?"

वाटेत एका हौदावर बैलांना पाणी पाजायला गाडी थांबली. बाबा बादली धरायला उतरले. हौदाच्या पलीकडे एक माणूस कांद्याची भजी तळत होता. मी यापुढचं लिहू की नको, असा विचार करत होतो. पण खरं लिहायचं ठरवलं आहे. मी भिंतीआड जाऊन चार भजी खाल्ली. इतकी गरम की चवही कळली नाही, नुसती जीभ भाजली. परत गाठींवर चढलो तेव्हा पोट शांत होतं आणि मन असं झालं होतं की जणू मीच आमचं जमत आलेलं लग्न मोडलं.

नाका आला. मधोमध निळ्या डगल्यातला, पिवळ्या टोपीचा पोलीस उभा. गाडीवानाने हात वर केला. पोलिसाने मोटारी अडवल्या, आम्हांला वाट दिली आणि मान वर करून ओरडला, "काय रे, आज माल कसला? माणसं भरलीस?"

"पाव्हनं हैत! वराडाकडचं! मुंबई बघाया आलेत!"

पोलिसाने बाबांकडे पाहिलं, टाचा जुळवल्या आणि भर रस्त्यात हात कपाळाशी नेऊन खणखणीत म्हणाला, "राम राम, पाव्हणं!"

बाबा उत्तर द्यायला गाठींवर उठून उभेच राहिले. बसल्या बसल्या राम राम घेणं त्यांना जमत नाही. गाडी त्याच क्षणी हलली. मी त्यांचं धोतर धरलं, गाडीवानाने कासरा ओढला, मागची मोटार भोंगा वाजवायला लागली, आणि बाबा एका हाताने फेटा धरून नाक्यापासून दिसेनासं होईपर्यंत "राम राम! राम राम!" म्हणत होते.

समुद्र

बंदराजवळ गाडीवानाचा निरोप घेतला आणि विचारत विचारत अपोलो बंदरावर आलो. समुद्राबद्दल मी लिहिणार होतो. आता कळतं की मला ते येत नाही. आमच्याकडे पाणी म्हटलं की त्याला काठ असतो, पलीकडचा. इथे तो नाही. मी खूप वेळ तो शोधत होतो.

बाबा कठड्यावर बसले होते. मला राहवेना. "बाबा, मी मघाशी भजी खाल्ली. चार."

"कुठं?"

"हौदापाशी. तुम्ही बादली धरली तेव्हा. चुकलं माझं. आता तुम्हाला घर नाही पटलं तर..."

बाबा माझ्याकडे वळले. "म्हणजे सकाळपासून तुह्या पोटात काही नव्हतं?"

"तुम्हीच तर देऊळघाटला चिमटा काढला होता."

आणि मग बाबा हसायला लागले. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. कठडा धरून, फेटा सैल होईपर्यंत. "अबे लेका! तिथं तू नवरीचा भाऊ होता. इथं नवरी होय ना तू! बापानं खाऊ नाही. लेकीले कोण मना करते? गोदी काय देऊळघाटले उपाशी राह्यते?" श्वास घेऊन पुन्हा हसले. "मी म्हटलं, पोरगं लाजून खात नाही. दिवसभर पाहून राह्यलो, अशा लाजाळूचं इथं कसं होईन!"

"आणि तुम्ही? तुमच्या पोटात तरी कुठे काही आहे?"

"माहं काय. घर नाही पटलं त चहा पिऊन निघायचं. मंग आपण निव्वळ वाटसरू, काई नातं नाही. पटलं त पाणी बी नाही."

त्यांनी मला उठवून समोरच्या इराण्याकडे नेलं आणि खुर्चीवर बसवलं. मी मस्का लावलेला पाव खाल्ला. मग आणखी एक. मग आम्लेट. मग मावा घातलेला केक, जो तोंडात टाकला की आहे म्हणेपर्यंत नसतो. चहा पिताना माझे दोन्ही डोळे आपोआप मिटले. बाबा समोर हात बांधून बसले होते आणि वाढणाऱ्याकडे पाहत होते: बशी आपटतो का, दुसऱ्यांदा मागितलं की तोंड वाकडं करतो का.

इराणी मालक गल्ल्यावरून म्हणाला, "बाबा, आप कुछ नहीं लेगा?"

"मैं लेकी का बाप हूँ," बाबा म्हणाले.

इराण्याने दुकानभर नजर फिरवून मुलगी शोधली. मग त्याने मला न मागता आणखी एक केक पाठवला. बाबांनी तो केक माझ्यापर्यंत येताना नीट पाहिला.

परत

बोरीबंदरला पोचलो तेव्हा गाडी लागलेली होती. मी जागा धरली, खिडकीतून बाबांना हाक मारायला डोकं बाहेर काढलं आणि गार पडलो. बाबा चहाच्या ठेल्याकडे चालले होते.

सकाळपासून मी मनातल्या मनात म्हणत होतो की यांनी दोन घास खावेत. आता मी खिडकीची दांडी धरून म्हणत होतो, नको, नको, नको. ठेलेवाल्याने कप भरला. बाबांच्या पुढे केला. ते काहीतरी बोलत होते. मध्ये एक हमाल पेट्या घेऊन आला आणि मला पुढचं दिसलंच नाही. हमाल गेला तेव्हा बाबा डब्याच्या दारात होते.

"चहा घेतला?"

"त्यानं राम राम घातला, म्हणून गेलो. जळगावकडचा हाय."

"पण चहा?"

"सरक तिकडं," बाबा म्हणाले आणि बसले. मला त्यांच्या मिशांवरून काही कळेना.

गाडी सुटली. समोरच्या बाकावर भुसावळचा एक व्यापारी होता, माणसात रमणारा. दादर मागे पडताच त्याने पितळी डबा उघडला: ज्वारीची भाकरी, भरलं वांगं. अख्ख्या डब्यात वास पसरला. बाबांचा घास काल संध्याकाळचा, आणि छागळही कोरडी. त्याने पहिली भाकरी बाबांपुढेच धरली. "घ्या, बाबा. संकोच नको."

बाबांनी भाकरीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. "मुंबईची शीव कुठं संपते, भाऊ?"

"शीव? ठाण्याची खाडी ओलांडली की संपली म्हणायची. का हो?"

"पोरगं दिलं मुंबईले," बाबा म्हणाले. "तिच्या शिवंत खाता येत नाही."

मी उभा राहिलो. का उभा राहिलो ते ठाऊक नाही. डोकं वरच्या फळीवर दणकन आपटलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि तरीही मी हसत होतो.

"मुलगा दिला?" व्यापारी गोंधळून म्हणाला. "घरजावई गेला का?"

"डॉक्टर व्हायले. पाच वर्षांसाठी. घर बरं हाय. भाकर नाही त्याईच्याकडं, पण बैलाले जपतात."

व्यापाऱ्याला यातलं किती समजलं कोण जाणे, पण तो भला माणूस. त्याने भाकरी तशीच डब्यावर ठेवली आणि स्वतःही जेवायचा थांबला. आम्ही तिघे खिडकीबाहेर पाहत राहिलो. घरं विरळ झाली, मिठागरं लागली, उजेड उतरत चालला. मग चाकांचा आवाज एकदम पोकळ झाला आणि खाली पाणी दिसलं.

"खाडी," व्यापारी म्हणाला. "झाली बुवा तुमची मुंबई."

पलीकडचा काठ लागेपर्यंत बाबा थांबले. मग दोन्ही हातांनी भाकरी घेतली, वांग्यावर मोडली आणि मोठा घास तोंडात घातला. त्या वासाने मलाही पुन्हा भूक लागली होती. मी हात पुढे केला.

बाबांनी तो बाजूला सारला. "तुले कायले?" भरल्या तोंडाने ते म्हणाले. "तू त सासरी जेवून आला."